सायकॉलॉजिस्टकडे पहिल्यांदा जाताना: गोव्यातल्या नवख्यांसाठी

माझ्या सायकॉलॉजिस्टकडची पहिली अपॉइंटमेंट पर्वरीला होती. इमारतीखाली पार्किंगला भरपूर जागा होती, तरी मी स्कूटर दोन गल्ल्या सोडून एका बेकरीसमोर लावली. नंबरप्लेट जीए ०४, म्हणजे डिचोलीची. कुणी ओळखीचं गेलंच तर विचारणार, तू इथे कशी? त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता, म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं: दाढ. पुढचे चार महिने घरी, ऑफिसात आणि शेजारीपाजारी माझी एकच दाढ दुखत होती. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "अगो, काढून टाक ती एकदाची."

हे लिहितेय ते अशा दाढदुखीवाल्यांसाठी. खासगी सायकॉलॉजिस्टकडे जायचं असं ज्यांनी ठरवलंय, किंवा अर्धंमुर्धं ठरवलंय, पण दाराच्या आत नेमकं काय होतं हे ज्यांना कुणी सांगितलेलं नाही, त्यांच्यासाठी. मी या विषयातली तज्ज्ञ नाही. दीड वर्ष पेशंट होते, त्या काळात जे कळलं आणि जे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, ते क्रमाने सांगते.

पायरी पहिली: कोण कोण आहे ते ओळखा

आपल्याकडे सगळ्यांना मिळून एकच नाव, "डोक्याचो दोतोर". प्रत्यक्षात ही वेगवेगळी माणसं असतात आणि चुकीच्या दारात गेलात तर दोघांचाही वेळ जातो.

मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकिअॅट्रिस्ट, हा एमबीबीएस झालेला आणि त्यानंतर मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. औषधं तोच लिहून देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही. बोलून केलेले उपचार आणि मानसशास्त्रीय चाचण्या हे त्याचं काम. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असावी लागते, आणि त्यासाठी बहुतेकांनी क्लिनिकल सायकॉलॉजीतलं दोन वर्षांचं एम.फिल. केलेलं असतं. तिसरा काउन्सेलर किंवा समुपदेशक. या शब्दाखाली उत्तम शिकलेली माणसंही येतात आणि शनिवार-रविवारचा ऑनलाइन कोर्स केलेलीही. नात्यातली कुरबुर, करिअरचा गोंधळ, एखाद्याच्या जाण्याचं दुःख यासाठी चांगला समुपदेशक पुरतो. पण झोप उडालीय, महिनोन्महिने उठवत नाही, पॅनिक येतंय, हात धुणं थांबत नाही, असं असेल तर नोंदणी असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बघा.

तपासायचं कसं? आरसीआयच्या नोंदवहीतला सीआरआर क्रमांक विचारा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर नाव शोधा. मला हे विचारायची लाज वाटली होती. आपण सुताराला विचारतो, लाकूड सागवान आहे की नाही. इथे मात्र वाटतं, समोरच्याला राग येईल. ज्याला राग येतो त्याच्याकडे जाऊ नये, इतका साधा हिशेब आहे.

पायरी दुसरी: गाव सोडून शोधा, पण फार लांब नको

गोव्यात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न "तूं खंयची?" आणि तिसऱ्या वाक्याला दोघांची एक समान मावशी निघते. एरवी हे सुखाचं आहे. थेरपीसाठी अडचणीचं. म्हणून माझा सल्ला, आपल्या तालुक्याबाहेरचा माणूस निवडा. खासगी सायकॉलॉजिस्ट बहुतेक पणजी-पर्वरी, म्हापसा, मडगाव याच पट्ट्यात बसतात, त्यामुळे सत्तरी, पेडणे, सांगे किंवा काणकोणच्या माणसाला प्रवास करावाच लागतो. त्याचा एवढा फायदा तरी उचला. मात्र दर आठवड्याला जायचंय हे विसरू नका. फोंड्याच्या माणसाने गुपितासाठी मडगावचा थेरपिस्ट धरला आणि तिसऱ्या आठवड्याला कदंब बसच्या गर्दीला कंटाळून सोडला, असं नको.

नाव मिळवायचं सगळ्यात चांगलं ठिकाण म्हणजे तुमचा नेहमीचा डॉक्टर. तो हसत नाही, आणि कोण बरं काम करतं हे त्याला साधारण ठाऊक असतं. मैत्रिणीने नाव सुचवलं तर घ्या, पण ती स्वतः अजून तिथे जात असेल आणि तुमच्या दुखण्यात तिचाही भाग असेल, तर दुसरा बघा. नातेवाईक, शेजारी, मुलीच्या वर्गमैत्रिणीची आई, असा ओळखीतला थेरपिस्ट तर नकोच. शहाणा थेरपिस्ट स्वतःच अशा पेशंटला दुसरीकडे पाठवतो.

मी पहिल्या भेटीत एक प्रश्न विचारला होता, तो तुम्हीही विचारा: "आपण बाजारात समोरासमोर आलो तर?" मॅडम, म्हणजे माझ्या सायकॉलॉजिस्ट, म्हणाल्या, "तुम्ही हसलात तर मी हसेन. नाही हसलात तर मी तुम्हाला ओळखत नाही." पुढे खरंच म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आम्ही एकाच बाईकडे चोरिसाची माळ घेत होतो. मी हसले नाही. त्यांनी आपली माळ घेतली आणि त्या गेल्या. त्या दिवशी माझा जितका विश्वास बसला तितका सहा सेशन्समध्ये बसला नव्हता.

पायरी तिसरी: फोन किंवा मेसेज

इथेच बहुतेक जण अडकतात. नंबर महिनाभर फोनमध्ये पडून राहतो. आपली सगळी कहाणी फोनवर सांगायला लागणार असं वाटतं. लागत नाही. एवढं पुरतं: "नमस्कार, मला वैयक्तिक थेरपी सुरू करायची आहे. दोन-तीन महिने झोप आणि चिंता यांचा त्रास आहे. संध्याकाळची वेळ मिळेल का? फी किती?" बस्स.

मग एवढ्या गोष्टी विचारून घ्या. फी किती आणि सेशन किती मिनिटांचं, कारण ४५ ते ६० मिनिटं ही नेहमीची पद्धत आहे आणि कमी वेळाला पूर्ण फी घेणारेही भेटतात. रद्द करायचं झालं तर किती आधी कळवायचं. पुष्कळ जण २४ तास म्हणतात, त्यानंतर रद्द केल्यास पूर्ण किंवा अर्धी फी द्यावी लागते. ऑनलाइन चालतं का. पावसाळ्यात डिचोलीहून पर्वरी गाठताना मला या सोयीचा उपयोग झाला, आणि भर सेशनमध्ये वीज गेल्यावर तिच्या मर्यादाही कळल्या. कोणत्या भाषेत बोलता येईल. आणि दोन सेशनच्या मध्ये मेसेज केला तर चालेल का. बहुतेक जण अपॉइंटमेंटपुरताच चालेल म्हणतात. ते ऐकायला कोरडं वाटतं, पण त्यामागे कारण आहे, पुढे येईलच.

मी चौकशी केली तेव्हा फीचे आकडे एका सेशनला १,२०० ते २,५०० रुपयांच्या दरम्यान ऐकले. महिन्याला चार सेशन म्हणजे मध्यमवर्गीय घराला जाणवणारी रक्कम आहे, हे झाकण्यात अर्थ नाही. परवडत नसेल तर तसं सांगा. काही जण कमी फीच्या थोड्या वेळा राखून ठेवतात, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. नाहीतर बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे, तिथे ओपीडीत सायकिअॅट्रिस्टही असतात आणि सायकॉलॉजिस्टही. बांबोळी म्हटलं की आपल्याकडे लोक अजून आवाज खाली आणतात. रांग लांब असते आणि एका पेशंटला निवांत तासभर मिळणं अवघड, पण पैशापायी कुणी घरात बसून राहण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

पायरी चौथी: पहिल्या दिवसाची तयारी

फार करू नका. मी वहीची अकरा पानं लिहून नेली होती. मॅडमनी ती हातात घेतली, बाजूला ठेवली आणि विचारलं, "आज यायचं आजच का ठरलं?" अकरा पानांत याचं उत्तर नव्हतं.

न्यायच्या गोष्टी थोड्याच. सध्या घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी, त्यात रक्तदाबाची गोळी आणि आयुर्वेदिक काढाही आला. आधी कुणा मानसोपचारतज्ज्ञाकडे गेला असाल तर ती फाइल. थायरॉइड आणि बी-१२ चे अलीकडचे रिपोर्ट असतील तर तेही, कारण थायरॉइड मंदावलं की माणूस उदास आणि थकलेला दिसतो. आपण मनाची मुळं उकरत बसायचं आणि दोष गळ्यातल्या ग्रंथीचा, असं व्हायला नको.

आणखी एक. सेशन संपल्यावर अर्धा तास मोकळा ठेवा. मी पहिल्यांदा बाहेर आले ती थेट ऑफिसच्या मीटिंगला गेले आणि तिथे कुणीतरी साधं "बरी आहेस ना?" विचारल्यावर रडायला लागले. दाढेला भूल दिलीय असं सांगावं लागलं.

पायरी पाचवी: पहिलं सेशन

आधी खोलीबद्दल. दोन खुर्च्या, टीपॉय, टिश्यूचा डबा, पाण्याची बाटली, तुम्हाला न दिसेल असं घड्याळ. आडवं झोपायचा कोच नव्हता. संमोहनही नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पणजीत जुन्या सचिवालयाच्या शेजारी आबे फारियाचा पुतळा बघत आपण लहानाचे मोठे झालो: हात पसरलेला माणूस आणि त्याच्यापुढे कोसळलेली बाई. मनाचे उपचार म्हणजे तेच, अशी एक भीती गोवेकराच्या मनात कुठेतरी बसलेली असते. गंमत अशी की १७५६ मध्ये कांदोळीत जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये जाऊन गाजलेल्या या फारियाचं म्हणणं पुतळ्याच्या उलट होतं. संमोहन करणाऱ्याच्या अंगात काही दैवी किंवा चुंबकीय शक्ती नसते, जे घडतं ते समोरच्या माणसाच्या स्वतःच्या मनातून घडतं, असं तो सांगत होता. थेरपीचंही तसंच आहे. समोरची व्यक्ती तुमच्यावर काही करत नाही.

सुरुवातीला एक संमतीपत्र देतात. सही करण्याआधी वाचा. त्यात गुप्ततेचा भाग असतो आणि तिच्या मर्यादाही. तुम्ही सांगितलेलं ती व्यक्ती नवऱ्याला, आईला, ऑफिसला सांगणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने हा तुमचा हक्क आहे. पण तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला, किंवा न्यायालयाने मागणी केली, तर मौन मोडावं लागतं. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याने कळवणं प्रत्येकालाच बंधनकारक आहे, थेरपिस्टलाही. हे सगळं आधी सांगितलं जायला हवं. नाही सांगितलं तर विचारा.

मग प्रश्न सुरू होतात आणि ते वाटतात त्यापेक्षा साधे असतात. कधीपासून? झोप किती? जेवण? वजन? दारू किती आणि कधी? इथे "पाव्हणे आले की थोडी" असं नको, खरा आकडा सांगा. रोज रात्रीची दोन पेग फेणी आणि पहाटे तीनला उघडणारे डोळे यांचा संबंध असतो, तो त्यांना दिसतो, आपल्याला दिसत नाही. घरात आधी कुणाला असा त्रास होता का? मी आजोबांच्या धाकट्या भावाबद्दल चाळीस वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने बोलले. आमच्या घरी त्यांचा उल्लेख "ते जरा वेगळे होते" एवढाच.

पुष्कळदा एक छापील प्रश्नावली देतात. उदासीनतेसाठी, म्हणजे डिप्रेशनसाठी, पीएचक्यू-९: नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७ पैकी. चिंतेसाठी जीएडी-७. ही परीक्षा नव्हे. काही आठवड्यांनी तीच पुन्हा भरून घेतात आणि आकडा हलला का ते बघतात, पारा झाडून पुन्हा ताप मोजतात तसं.

आणि एक प्रश्न नक्की येतो: मरून जावं असं वाटतं का? तो इतक्या सरळ विचारला जातो की आपण दचकतो. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. खरं उत्तर द्या. हो म्हटलं म्हणून कुणी लगेच तुम्हाला उचलून दवाखान्यात टाकत नाही. वाटतं म्हणजे किती वाटतं, काही ठरवलंय का, जवळ काही साधन आहे का, रात्री कोण सोबत असतं, असं पुढचं शांतपणे विचारतात आणि मग दोघं मिळून काळजीची आखणी करतात.

रडू आलं तर येऊ द्या. नाही आलं तरी तुमचं दुःख खोटं ठरत नाही. मध्येच ती व्यक्ती गप्प बसेल. आपल्याला शांतता सहन होत नाही, कुणीतरी "मग काय, चवथीची तयारी झाली?" म्हणून ती बुजवतं. इथे ती बुजवू नका.

बाहेर पडताना बहुधा निराशा वाटेल. तास बोलून झालं आणि उपाय काही सांगितला नाही! पहिली एक-दोन सेशन्स माहिती घेण्यातच जातात. पण दुसऱ्या-तिसऱ्या भेटीच्या शेवटी तुम्ही विचारलं पाहिजे: तुम्हाला हे काय वाटतं, कोणती पद्धत वापरणार, साधारण किती भेटी, आणि फरक पडतोय हे आपल्याला कसं कळणार? या चार प्रश्नांना ज्याच्याकडे बरी उत्तरं आहेत त्याच्याकडे टिकून राहा.

भाषेचा घोळ

यावर जरा थांबते, कारण आपल्यासारख्यांची ही खास अडचण आहे. आम्ही घरी कोंकणी बोलतो, वाचतो मराठीत, देवाला आरती मराठीत, आणि शिकलेल्या माणसासमोर बसलो की इंग्रजीत शिरतो. मी पहिली तीन सेशन्स इंग्रजीत बोलले. छान बोलले. ऑफिसातल्या अहवालासारखी. चौथ्या भेटीत आईबद्दल काही निघालं आणि तोंडातून आलं, "म्हाका बेजार जाता." याचं इंग्रजी करायला गेले तर कंटाळा होतो. पण आई गेल्यावर रिकाम्या घरात जे होतं, ते कंटाळा नव्हे. मॅडम केरळच्या, कोंकणी जेमतेम. त्या म्हणाल्या, "याच भाषेत बोला. अडेल तिथे मी विचारीन." तिथून खरं काम सुरू झालं.

म्हणून शक्य असेल तर अशी व्यक्ती शोधा जिला तुमची रागाची आणि रडण्याची भाषा कळते. नाही मिळाली तर निदान शब्द मधूनमधून आपल्या भाषेतला वापरा आणि तो समजावून सांगा. समजावता समजावताच पुष्कळ उकलतं.

पायरी सहावी: दुसऱ्या भेटीपासून पुढे

इथून गृहपाठ सुरू होतो आणि खरी थेरपी दोन सेशन्सच्या मधल्या सहा दिवसांत घडते. मेसेजवर उत्तर न देण्याचं कारणही हेच. प्रत्येक कळ आली की विचारून घेतलं तर ती सोसून बघायची, तिच्यातून वाट काढायची सवयच लागत नाही.

सीबीटी नावाची, विचार आणि वागणं तपासून बदलायला शिकवणारी पद्धत तुमच्या वाट्याला येण्याची शक्यता बरीच. तिच्यातली विचारांची वही अशी असते. माझीच नोंद: नणंदेला मेसेज केला, तिने वाचला, उत्तर नाही. मनात आलं, मी तिला नकोशी झालेय. भावना: दुखावणं, ८० टक्के. मग पुढचे रकाने: या विचाराच्या बाजूने पुरावा काय? उत्तर आलं नाही. विरुद्ध? गेल्या रविवारी तिने आमच्यासाठी खतखतं पाठवलं होतं. तिच्याकडे सासरे आजारी आहेत. ती कुणालाच लगेच उत्तर देत नाही. मग दुसरा अर्थ लिहायचा आणि भावना पुन्हा मोजायची: ३५. कागदावर हे बालिश दिसतं. मलाही वाटलं. पण दीड महिना केल्यावर डोकं स्वतःहून दुसरा रकाना भरायला लागलं.

दुसरी पद्धत कृतीपासून सुरू होते. उदास माणूस म्हणतो, बरं वाटलं की बाहेर पडेन. इथे उलट करायला लावतात: आधी बाहेर पड. मला आठवड्यातून तीनदा, मये तळ्याकाठी पंधरा मिनिटं, एवढंच दिलं होतं. पहिल्या आठवड्यात एकदाच गेले आणि सेशनला तोंड लपवत बसले. ओरडा बसला नाही. पंधराची दहा मिनिटं झाली.

या दुसऱ्या पद्धतीवर जगात नाव झालेलं एक काम आपल्याच गोव्यात झालंय, हे मला नंतर कळलं. १९९६ मध्ये इथे सुरू झालेल्या संगाथ या संस्थेने गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, तीव्र उदासीनता असलेल्या सुमारे ५०० लोकांवर एक चाचणी घेतली. थेरपी देणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली इथलीच सामान्य माणसं होती, आणि भेटी फक्त सहा ते आठ. २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आला: तीन महिन्यांनी थेरपी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक उदासीनतेतून बाहेर आले होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. मला यातून दोन गोष्टी कळल्या. थेरपी म्हणजे वर्षानुवर्षं चालणारं प्रकरण असलंच पाहिजे असं नाही. आणि भारी फी म्हणजे भारी गुण असंही नाही.

मध्ये एक-दोन आठवडे आधीपेक्षा वाईट जातील. झाकलेलं उघडलं की वास येतोच. तिसऱ्या-चौथ्या सेशनच्या आसपास पुष्कळ जण "मला आता बरं आहे" म्हणून सोडतात, मीही फोन करून तेच सांगितलं होतं. सोडायचंच असेल तर फोनवर नको, समोर बसून सांगा. त्याच भेटीत बहुधा खरं कारण निघतं. माझं निघालं: मला मॅडमचा राग आला होता. त्यांनी मागच्या वेळी दोनदा घड्याळ बघितलं होतं. मी ते कसंबसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हो, बघितलं. तुम्हाला काय वाटलं?" आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी तोंडावर राग सांगितला आणि घर कोसळलं नाही.

गोळ्यांचं नाव निघालं तर

सायकॉलॉजिस्टने "एकदा सायकिअॅट्रिस्टना भेटा" म्हटलं की वाटतं, आपली केस हाताबाहेर गेली. तसं नसतं. झोपच नसेल तर वहीतले रकाने भरायला ताकद कुठून आणणार? उदासीनतेच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, चार दिवसांत नाही. बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका, कमी करायच्या त्याही डॉक्टरच्या हिशेबाने. दोघा तज्ज्ञांनी एकमेकांशी बोलावं यासाठी तुमची परवानगी मागतील. द्या.

कधी उठून निघावं

मॅडमच्या आधी मी एकाकडे गेले होते. पाटी मोठी, एसी थंडगार. पाऊण तासातली पंचवीस मिनिटं तो स्वतःच्या मुलाच्या ऑस्ट्रेलियातल्या नोकरीबद्दल बोलला आणि शेवटी म्हणाला, "आणखी एक मूल होऊ द्या, मन रमेल." मी फी दिली, थँक्यू म्हटलं आणि आठ महिने कुणाकडेच गेले नाही. त्याचा मला राग नाही. माझे आठ महिने गेले त्याचा आहे.

तेव्हा खुणा लक्षात ठेवा. तुमच्या जातीवर, धर्मावर, लग्नावर, कुणावर प्रेम करता यावर शेरा मारणारा. दुसऱ्या पेशंटची गोष्ट नाव न घेता पण गाव सांगून सांगणारा. तीन महिन्यांत बरं करण्याची हमी देणारा. पहिल्याच दिवशी वीस सेशनचं पॅकेज विकणारा. सेशनबाहेर भेटायला बोलावणारा किंवा अंगाला हात लावणारा. तिथे तर दुसऱ्या भेटीची वाटही बघू नका. बाकी, माणूस चांगला असूनही सूर जुळला नाही असं होऊ शकतं. तीन-चार भेटी द्या आणि मग सरळ सांगा. चांगला थेरपिस्ट स्वतः दुसरं नाव सुचवतो.

घरी सांगायचं का

तुमची मर्जी. प्रौढ माणसाच्या थेरपीला कुणाची परवानगी लागत नाही. मी नवऱ्याला दुसऱ्या महिन्यात सांगितलं. तो म्हणाला, "मग माझ्याबद्दल काय सांगतेस?" हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. "तू घोरतोस हे सांगितलंय," म्हणाले. तेवढ्यावर निभावलं.

माझ्या मावशीने गावच्या देवळात प्रसाद लावला आणि देवाने उजवा दिला, म्हणून तिचा विरोध मावळला. यावर हसू नये असं मला वाटतं. देवळात जायचं असेल तर जा, दृष्ट काढायची तर काढा, फक्त ते थेरपिस्टपासून लपवू नका आणि कुणी त्याच्या बदल्यात गोळ्या बंद करायला सांगितल्या तर ऐकू नका.

विमा आणि पावत्या

२०१७ च्या कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं लागतं. व्यवहारात त्याचा फायदा दवाखान्यात भरती झाल्यावर होतो. दर आठवड्याच्या थेरपीची फी बहुतेक पॉलिसींत बसत नाही, ओपीडीचं कलम असेल तरच. पावत्या तरी मागून ठेवा. काही कंपन्या कर्मचाऱ्यांना काही सेशन्स फुकट देतात, एचआरकडे चौकशी करा.

रात्र कठीण गेली तर

थेरपिस्ट म्हणजे इमर्जन्सी नव्हे, रात्री दोनला तो फोन उचलणार नाही. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६, चोवीस तास, पैसे लागत नाहीत. जिवाचं काही करून घेण्याच्या काठावर असाल, किंवा घरातलं कुणी असेल, तर ११२ ला फोन करा किंवा थेट बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजची कॅज्युअल्टी गाठा आणि त्या माणसाला एकटं सोडू नका. पोलिस केस होईल या भीतीने लोक थांबतात. त्याच २०१७ च्या कायद्यात असं म्हटलंय की आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं आणि, तसं नसल्याचं सिद्ध झाल्याशिवाय, तिला शिक्षा करायची नाही.

शेवटची पायरी: थांबणं

थेरपी एका दिवशी बंद होत नाही. आठवड्याची भेट पंधरवड्यावर जाते, मग महिन्यावर. माझ्या वेळी हे नेमकं चवथीच्या तोंडावर आलं. सगळं कुटुंब पाच दिवस एका घरात, माटोळी बांधण्यावरून ते कुणाच्या नेवऱ्या जाड झाल्या इथपर्यंत, म्हणजे वर्षाची परीक्षाच. मॅडम म्हणाल्या, चवथ करून या, मग ठरवू. थांबायचा विचार असेल तर तुम्हीही असा एखादा अवघड प्रसंग मध्ये घालून बघा.

शेवटच्या भेटीत दोन गोष्टी मागून घ्या. एक, तुमच्या उपचारांचा सारांश लिहिलेलं पत्र, पुढे कधी दुसऱ्याकडे जावं लागलं तर पहिल्यापासून सांगायला नको. दुसरी, परत घसरण सुरू झाल्याच्या तुमच्या स्वतःच्या खुणांची यादी. माझ्या यादीत तीन ओळी आहेत: पहाटे तीनला जाग, वाचनालयाची पुस्तकं परत करायची राहणं, आणि दाढ दुखतेय असं कुणाला तरी सांगणं.